विद्यार्थिनीचा रुपया आणि महागाईचा निर्देशांक

द्वितीय वर्षाच्या वर्गात निर्देशांकांचे प्रकरण शिकविताना मी उदाहरण म्हणून नेहमी महागाई भत्त्याचे गणित घेतो. आधारवर्ष म्हणजे काय, ग्राहक किंमत निर्देशांक कसा काढतात आणि लेबर ब्युरोचे आकडे प्रसिद्ध झाले की जानेवारीपासून व जुलैपासून नोकरदाराच्या पगारात भर कशी पडते, हे फळ्यावर मांडले की विद्यार्थ्यांना ते चटकन कळते. गावात एखादे गुरुजी, एखादा तलाठी असतोच, आणि त्यांच्या घरातील फरकाच्या रकमेची चर्चा साऱ्या गावाने ऐकलेली असते. एका वर्षी तास संपताना मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मग आमची शिष्यवृत्ती कोणत्या निर्देशांकाने वाढते?" प्रश्न साधा होता, पण पाठ्यपुस्तकात तो नव्हता. "कोणत्याच नाही," एवढेच उत्तर मला देता आले. तिनेही पुढे काही विचारले नाही. हा लेख त्या उत्तराने समाधान न झाल्यामुळे लिहीत आहे.

वंचित घरांतील मुलांच्या शिक्षणासंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती प्रायः योजनांची होते. नवी योजना जाहीर होते, तिला थोर व्यक्तीचे नाव दिले जाते, शासन निर्णय निघतो, आणि वर्तमानपत्रांतून आपण तिचे स्वागत करतो किंवा तिच्या अंमलबजावणीवर टीका करतो. परंतु योजनेतील रुपयांचा आकडा एकदा छापला गेला की पुढे त्याचे काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. वस्तुतः खरी गोम तेथेच आहे. किमती वाढत असताना जो आकडा स्थिर राहतो तो स्थिर नसतोच. तो दरवर्षी थोडा थोडा घटत असतो. या कपातीसाठी विधिमंडळात ठराव आणावा लागत नाही, कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, मोर्चा निघत नाही. काहीही न करता करता येणारी अशी दुसरी कपात अर्थशास्त्राला ठाऊक नाही.

एक रुपयाची तीस वर्षे

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९९२ साली, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीचे निमित्त साधून, महाराष्ट्र शासनाने पहिली ते चौथीतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे यांतील मुलगी शाळेत आली की तिच्या नावे दिवसाला एक रुपया. शाळेचे कामकाजाचे दिवस धरून वर्षाचे फार तर २२० रुपये. योजनेमागील विचार चांगला होता. किंबहुना, मुलीला शाळेत पाठविण्यासाठी घराला काही सोसावे लागते हे शासनाने मान्य करण्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग होता, असे मला वाटते.

२०२२ साली या योजनेला तीस वर्षे पूर्ण झाली. दर तोच होता, एक रुपया. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या जुन्या आणि नव्या मालिका जोडून पाहिल्या, तर या तीस वर्षांत किमती सुमारे सातपट झाल्या. म्हणजे १९९२ मध्ये मुलीच्या हातावर ठेवलेला रुपया २०२२ मध्ये जेमतेम चौदा पैशांचा राहिला होता. रुपयाचे मोल कायम राखायचे तर तो सात रुपये व्हावयास हवा होता. त्याला वाढ म्हणता आली नसती, जे दिले होते ते काढून घेतले नाही एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

याच अवधीत पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन वेतन आयोग लागू झाले आणि आठव्याची घोषणा २०२५ च्या जानेवारीत झाली. प्रस्तुत लेखक या आयोगांचा लाभार्थी आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. महागाई भत्ता ही कोणाची मेहरबानी नव्हे, तो पगाराच्या मूल्याचे रक्षण करणारा न्याय्य उपाय आहे. पण मग जो न्याय उपस्थिती भत्त्याची यादी तयार करणाऱ्या लिपिकाला लागू आहे, ती यादी पाठविणाऱ्या मुख्याध्यापकाला लागू आहे, तो यादीतील मुलीला का नाही? शाळेची खोली बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात भाववाढीचे कलम असते. पाटबंधारे प्रकल्पाचे अंदाजपत्रक नव्या दरसूचीप्रमाणे पुन्हा पुन्हा सुधारले जाते. एवढेच काय, रोजगार हमीच्या मजुराच्या मजुरीलाही निर्देशांक जोडलेला होता. महाराष्ट्रात २०१३-१४ साली ही मजुरी १६२ रुपये होती, ती २०२४-२५ साली २९७ रुपये झाली. शासनाकडून रक्कम घेणाऱ्या सर्वांची अशी काही ना काही सोय आहे. शाळकरी मुलाचीच तेवढी नाही, कारण त्याची संघटना नाही आणि त्याला मतही नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. एक रुपयासाठी कोण मुलगी शाळेत येते, असे हसत विचारले जाते. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे. आज कोणी येत नाही याचे कारण भत्ता ही कल्पना निरुपयोगी होती असे नसून, तो भत्ता आपण निरुपयोगी होऊ दिला हे आहे. एखाद्या झाडाला तीस वर्षे पाणी घालायचे नाही आणि मग या जातीला फळच येत नाही असे म्हणायचे, यासारखाच हा युक्तिवाद झाला.

कापूस, हळद आणि कोयता

आता हा प्रश्न हिंगोलीच्या मातीत उतरवून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, तिच्यातील शंभरातली पंच्याऐंशी माणसे खेड्यात राहणारी, आणि अनुसूचित जाती व जमाती मिळून सुमारे चौथा हिस्सा. पूर्णेच्या पाण्यावर भिजणारा वसमतचा भाग सोडला तर औंढा, कळमनुरी, सेनगाव या तालुक्यांतील बरीचशी शेती पावसावर. आंध आदिवासींची वस्ती मुख्यतः औंढा-कळमनुरीच्या डोंगराळ पट्ट्यात.

या भागात मुलाला शाळेत पाठविण्याची किंमत फी नव्हे. प्राथमिक शाळेत फी नाहीच, पाठ्यपुस्तके फुकट मिळतात, २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदाही आहे. परंतु अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, तो येथे फार मोठा आहे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागते आणि वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे जितके हात तितके पैसे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे हात त्या हिशेबात मोजले जातात. माघ-फाल्गुनात हळद काढणे, शिजविणे, वाळविणे सुरू होते. तेव्हा वर्गातील पट आणि प्रत्यक्ष हजेरी यांतील अंतर पाहावयाचे असेल, तर कोणाही शिक्षकाला विचारावे. मुलगी स्वतः मजुरीला गेली नाही तरी आई गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी ती असते. तिच्या शाळेत जाण्याची खरी किंमत म्हणजे आईची बुडालेली मजुरी. त्या मजुरीसमोर एक रुपया ठेवला की घराला निर्णय घेणे अवघड जात नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट तर याहून कठीण. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती पावसाळ्यातच, पेरणीच्या किंवा दवाखान्याच्या गरजेपोटी. उचल घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. दसरा-दिवाळी होताच बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात, आणि जोडीबरोबर पोरेही जातात. फडाजवळच्या कोपीत मोठी मुलगी लहानग्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी टाकते. पाच-सहा महिन्यांनी गावी परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. तिला वरच्या वर्गात ढकलता येते, पण वर्गात बसलेल्या मुलांच्या बरोबरीला आणता येत नाही.

या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची व्यवस्था आहे आणि ती शहाणपणाची आहे. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहते, शाळेच्या आधाराने त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. पण येथे रकमेइतकाच वेळेचा प्रश्न आहे. उचल आषाढात घेतली जाते, मूल नेण्या-ठेवण्याचा विचार तेव्हाच सुरू होतो. वसतिगृहाचा प्रस्ताव, सर्वेक्षण, मंजुरी आणि निधी या पायऱ्या गाड्या निघाल्यानंतर पूर्ण झाल्या, तर त्या वसतिगृहात राहावयाला गावात मूल शिल्लक नसते. माघात आलेला निधी खर्ची पडतो, हिशेब जुळतो आणि कागदोपत्री योजना यशस्वी होते. दसऱ्याआधीचा रुपया आणि संक्रांतीनंतरचा रुपया हे दोन वेगळे रुपये आहेत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शिक्षणखात्याला मात्र सांगावे लागते.

महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

प्राथमिक शाळेतील रुपयाची गोष्ट ज्यांना किरकोळ वाटत असेल त्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे आकडे पाहावेत. या शिष्यवृत्तीला मोठा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या आग्रहामुळे ती १९४४ च्या सुमारास सुरू झाली, आणि मराठवाड्यातील पहिल्या पिढीचे कितीतरी पदवीधर तिच्या आधारावर उभे राहिले. तिच्यातील शिक्षणशुल्काचा भाग बाजूला ठेवू. विद्यार्थ्याच्या हातात पडतो तो निर्वाह भत्ता. २०१० च्या दरांप्रमाणे कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महिना ३०० रुपये मिळत, म्हणजे दहा महिन्यांचे ३,००० रुपये. २०२१ साली केंद्र शासनाने ही योजना नव्याने मांडली, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, केंद्राचा वाटा साठ टक्के ठरविला. हे सारे स्वागतार्हच होते. पण त्या नव्या दरपत्रकात याच विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता किती ठरला? वर्षाला ३,००० रुपये. मधल्या अकरा वर्षांत किमती जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. मोठ्या रकमेच्या मथळ्याखाली एका लहान रकमेची निम्मी किंमत नाहीशी झाली, आणि कोणी त्यावर अग्रलेख लिहिल्याचे निदान मला आठवत नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचेही तेच. या शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते ही मर्यादा २०१३ साली ठरली, आणि २०२१ च्या नव्या मांडणीतही ती तशीच ठेवली गेली. २०१३ साली ज्या कुटुंबाची मिळकत दोन लाख होती, त्याची मिळकत केवळ भाववाढीच्या प्रमाणात वाढत गेली असे धरले तरी दहा-अकरा वर्षांत ती तीन लाखांच्या वर जाते. कुटुंब तसूभरही श्रीमंत झालेले नसते, पण दाखल्यावर ते मर्यादेबाहेर जाते. मग आपल्याकडे जे व्हायचे ते होते. तहसीलातून दाखला आणण्यासाठी दोन दिवस मोडतात, आणि प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्याची पाळी येते. गरिबाला खोटे बोलायला लावणारी मर्यादा घालून पुन्हा त्याच्या खोटेपणाबद्दल आपण हळहळतो!

२०१७-१८ मध्ये गणवेशाचे ४०० रुपये मुलाच्या बँक खात्यात जमा करावयाचे ठरले, तेव्हा खाते उघडण्याचा खर्च आणि त्यापायी बुडालेली मजुरी मिळून गणवेशाहून महाग पडल्याची तक्रार गावोगावी ऐकू आली होती. रक्कम जितकी लहान, तितका तिला मिळविण्याचा खर्च तुलनेने मोठा. हा नियम व्यापाऱ्याला कळतो, आणि खेड्यातल्या बाईलाही कळतो. २२० रुपयांसाठी कागद जमविण्यापेक्षा एक दिवस खुरपायला गेलेले बरे, असा विचार तिने केला तर तिला अडाणी कसे म्हणावे?

ग्रॅम आणि रुपये

काही सवलतींचे मूल्य मात्र कमी झालेले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ग्रामीण मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाखाली हिंगोलीसह मागास जिल्ह्यांत मुलींसाठी बसगाड्या धावतात. भाडे कितीही वाढले तरी पासाचे मोल घटत नाही, उलट ते वाढते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम ठरलेला आहे. तांदूळ महागला म्हणून शंभर ग्रॅमचे नव्वद होत नाहीत. वस्तुरूपाने दिलेल्या मदतीत महागाईपासूनचे संरक्षण आपोआप येते, रुपयांत दिलेल्या मदतीत ते मुद्दाम घालावे लागते. म्हणूनच भात टिकला आणि त्यावरचे पौष्टिक वाढप टिकले नाही. आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा राज्याचा निधी बंद केला.

शासनाला दर वाढविताच येत नाहीत असेही नाही. पाचवी व आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत यशस्वी होणाऱ्या विद्यार्थ्यांची रक्कम २०२३ साली अनुक्रमे वार्षिक ५,००० व ७,५०० रुपये करण्यात आली. चांगले झाले. पण ही गुणवत्तेची बक्षिसी आहे. तिच्या स्पर्धेत उतरावयाचे तर वर्गात सलग बसलेले असावे लागते. ज्याला वर्गात बसण्यासाठीच आधार हवा त्याचा रुपया तीस वर्षे रुपयाच राहावा, आणि जो बसू शकतो त्याचे बक्षीस मात्र वाढावे, या क्रमाबद्दल महात्मा फुले काय म्हणाले असते, याची कल्पना करता येते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. सरकारी महसूल येतो तो रयतेच्या कष्टातून, शिक्षणावर तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांसाठी, ही त्यांची तक्रार होती.

औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो' ही वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेला अणूहूनही सूक्ष्म हेलकावा ती टिपणार आहे. याचा मला, या भागात राहणारा माणूस म्हणून, अभिमान वाटतो, आणि असल्या खर्चाला विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही. एवढेच मनात येते की त्याच तालुक्यातील मुलीच्या रुपयाला पडलेला केवढा तरी मोठा खड्डा टिपण्यासाठी एखादे उपकरण लागत नाही.

मदत महागाईशी जोडणे अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल. मेक्सिको हा काही श्रीमंत देश नव्हे. तेथे १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' नावाची योजना सुरू झाली. मुलांच्या हजेरीवर आईच्या हाती पैसे देणारी ही योजना नाव बदलत दोन दशके चालली. तिच्यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. मूल जसे वरच्या वर्गात जाई तशी रक्कम वाढे, कारण मोठ्या मुलाला बाहेर मिळू शकणारी मजुरी अधिक असते. माध्यमिक वर्गांत मुलींची रक्कम मुलांपेक्षा जास्त असे. आणि दर सहा महिन्यांनी महागाईनुसार रक्कम आपोआप सुधारली जाई, त्यासाठी नव्या घोषणेची वाट पाहावी लागत नसे. आपल्याकडे मोठ्या मुलीचे पाऊल शाळेबाहेर पडते ते चौथीनंतर, आणि भत्ता थांबतो तोही नेमका चौथीतच.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. एक रुपयाचे सात रुपये केले तर मुलीमागे वर्षाला १,५४० रुपये होतात, म्हणजे दर लाख मुलींमागे १५ कोटी ४० लाख. राज्याच्या अर्थसंकल्पात असले आकडे शोधायला भिंग घ्यावे लागते. दांडेकर समितीने १९८४ साली मराठवाड्याचा अनुशेष रस्ते, सिंचन, शाळा यांच्या मापाने मोजला, तेव्हापासून आपण अनुशेषाची भाषा शिकलो. विद्यार्थ्यांच्या हातात पडणाऱ्या रुपयांचा अनुशेष मात्र कोणी मोजलेला नाही. तो मोजण्यासाठी समिती नेमण्याचीही गरज नाही, वित्त विभागातील कोणीही अव्वल कारकून एका दुपारी तो काढून देईल.

यास्तव मागणी एवढीच आहे. महागाई भत्त्याचा शासन निर्णय जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा त्याच निर्णयाला एक परिशिष्ट जोडावे. त्यात उपस्थिती भत्ता, मुलींच्या शिष्यवृत्त्या, निर्वाह भत्ता आणि उत्पन्नाच्या मर्यादा, यांपैकी जे राज्याच्या अखत्यारीत आहे त्याचे नवे आकडे त्याच टक्केवारीने छापावेत. जे केंद्राकडे आहे त्याबद्दल राज्याने केंद्राला लिहावे. शिक्षक आणि कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या थकबाकीसाठी निवेदन देताना या परिशिष्टाची ओळ त्यात घालावी. हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीतही बोललो आहे. तेथे कोणी विरोध केला नाही, आणि निवेदनात ती ओळ आलीही नाही. हंगामी वसतिगृहांची मंजुरी आणि पहिला हप्ता मात्र कोणत्याही परिशिष्टाची वाट न पाहता भाद्रपद संपण्याच्या आत गावात पोहोचला पाहिजे, कारण दसऱ्याला गाड्या जुंपल्या जातात.